घरटी एक माणूस

पीएचडी झाली त्या वर्षी मला दोन गोष्टी मिळाल्या. रोह्याच्या कॉलेजात रसायनशास्त्राची नोकरी आणि गर्व. नोकरी कंत्राटी होती, गर्व मात्र कायमस्वरूपी. तो गर्व आणि काही बाटल्या पिशवीत घालून मी पहिल्यांदा पेणच्या कॉलेजात सरांच्या प्रयोगशाळेत गेलो. द्रावणातून प्रकाश सोडून त्यात काय किती आहे ते सांगणारं यंत्र, म्हणजे स्पेक्ट्रोफोटोमीटर, आमच्या सगळ्या टापूत तेव्हा त्यांच्याकडेच होतं. मी दारात उभा राहून माझं नाव डॉक्टर लावून सांगितलं. सरांनी मान वर न करता माझ्या हातात बाटल्या घासायचा ब्रश दिला.

"आधी धू."

"सर, मी माझी भांडी धुऊन आणलीत."

"तुझी नाय. पुढच्याची."

मला वाटलं, माणूस विसराळू आहे, आपल्याला शिपाई समजलाय. मी पुन्हा एकदा डॉक्टर लावून नाव सांगितलं. तेव्हा कुठे त्यांनी वर बघितलं. घोट्याच्या वरपर्यंत दुमडलेली पँट, शर्टाच्या खिशात पेनाऐवजी दुसरा एक छोटा ब्रश. म्हणाले, "आपली भांडी काय, कोनपन घासतो. त्यात काय मोठं? तुझ्यानंतर जो येनार हाय त्याची घासायची. तुझी मागच्यानं घासून ठेवलीत, ती बघ."

हाच त्यांचा कायदा. आपल्या यंत्राला माणसानं किती जपलं हे त्याच्या मागून येणाऱ्याला विचारावं, असं त्यांचं म्हणणं. मी नाराजीनेच चार बाटल्या विसळल्या आणि सटकलो. माझ्यामागून येणारे होते सरकारी दवाखान्याच्या लॅबमधले एक गृहस्थ. त्यांचे आकडे असे काही आले म्हणता, की त्या हिशेबाने तपासलेला माणूस जिवंत असणं शक्य नव्हतं, आणि तो तर बाहेर बाकावर वडापाव खात बसला होता. दुसऱ्या दिवशी सरांचा फोन. "डॉक्टर, ये परत. घासायचं ऱ्हायलंय." मी रोह्याहून पेणला गेलो, त्या गृहस्थांसमोर उभं राहून बाटल्या घासल्या आणि त्याच गाडीने परत आलो. माझ्या संशोधक आयुष्यातलं हे पहिलं निमंत्रित काम.

सर मूळचे खाडीकाठचे, खारेपाटातले. पेण शहरात राहायला येऊन जमाना झाला होता, पण बोलणं गावचंच राहिलं होतं. वर्गात बेन्झीनचं कडं काढतानासुद्धा "ह्या हितं येक बंध हाय, दिसतंय ना?" असं चालायचं. नवीन पोरं आधी हसायची आणि मग त्यांना बेन्झीन जन्मभर पाठ व्हायचं. माझा तास चोख प्रमाण भाषेत असायचा आणि मागची दोन बाकं नेहमी झोपलेली असायची. असो.

त्यांना कुलपाचा तिटकारा होता. प्रयोगशाळेची किल्ली दाराबाहेर खिळ्याला. मी एकदा म्हटलं, सर, चोरी झाली तर? "नेऊ दे की. चालवायला शिकायला माझ्याकडंच येनार." त्या उघड्या दारातून कोण कोण येई! पापड करणाऱ्या बायका पापडखार घेऊन येत, मिठागरवाले मीठ घेऊन. धाटावच्या छोट्या कारखान्यातले केमिस्ट येत, एखादा शेतकरी विहिरीचं पाणी बिसलेरीच्या बाटलीत भरून आणी. रांग एकच. कारखान्याच्या मॅनेजरला मी एकदा पापडवाल्या मावशीच्या मागे, तिच्यासाठी धुतलेली बाटली हातात धरून उभा पाहिला. मावशी त्याला सांगत होती, "नीट निथळव रं, मेल्या."

रोह्याच्या आमच्या कॉलेजने मग हट्ट धरला की यंत्र आम्हालाही हवं. भांडण व्हायचं ते सरांनी होऊच दिलं नाही. म्हणाले, पावसाळा रोह्यात, उरलेलं वर्ष पेणात. नेणार कसं? आमचा हायवे कसा आहे ते तुम्हाला ठाऊक असेलच, त्यावरून अंडी नेणारा माणूस घरी ऑम्लेट घेऊन पोचतो. तेव्हा यंत्र रेल्वेने निघालं. गोधडीत गुंडाळलेलं, अर्धं सरांच्या मांडीवर, अर्धं माझ्या. निडीला गाडी क्रॉसिंगला थांबली तशी माझ्या पायाला मुंग्या यायच्या थांबून पाय होता की नव्हता तेच कळेना. समोरच्या म्हातारीने विचारलं, "मास्तर, काय हाय वो त्यात?"

"लेक हाय. सासरी चालवलीय."

"आनि जावई?"

सरांनी माझ्याकडे बोट केलं. म्हातारीने मला वरून खाली न्याहाळलं आणि "पोरगी नशिबाची नाय" अशी मान हलवली. हे मी बायकोला सांगायला नको होतं.

पण एका म्हाताऱ्या यंत्रावर किती दिवस निघणार? आणि तिथे कांचनचा प्रश्न आला. कांचन सरांच्याच गावची, सरांचीच विद्यार्थिनी. तिची आई मिठागरात राबून राबून पायांनी गेलेली. मिठाच्या पाण्यात पायाला जी जखम होते ती भरतच नाही. खाडीच्या कडेला एक झुडूप होतं, त्याच्या पानांचा लेप गावातल्या जुन्या बायका त्या जखमेला लावत. कांचनने त्यात नेमकं काय आहे ते शोधायचं मनावर घेतलं होतं. त्यासाठी मिश्रणातले घटक सुटे करून दाखवणारा क्रोमॅटोग्राफ लागतो, आणि ते घटक जिवंत पेशींवर टाकून बघायला एक जंतुविरहित खोली. आमच्याकडे दोन्ही नव्हतं. ती अर्क काढून मुंबईला पाठवायची, तिथल्या रांगेत तो पडून राहायचा आणि नंबर लागेपर्यंत खराब व्हायचा. "माझी बाटली रांगेतच मरते, सर," असं ती एकदा मला म्हणाली, आणि मी तिला धीराचे दोन शब्द इंग्रजीत सांगितले. काय करणार, धीर मला त्याच भाषेत येतो.

बापाने तिला सांगून टाकलं होतं. ह्या वर्षात मशीन आलं तर शिक, नाहीतर कंपनीच्या लॅबमध्ये नोकरी धर. बाप काही दुष्ट नव्हता. डोलवीच्या पोलाद कंपनीत कंत्राटी कामगार होता, आणि पोरगी पानं उकळत म्हातारी होईल अशी त्याला भीती होती.

त्याच सुमाराला दिल्लीच्या एका खात्याची योजना निघाली. रासायनिक आणि वैद्यकीय संशोधनासाठी लहान गावांतल्या संस्थांनी एकत्र येऊन सामायिक प्रयोगशाळा उभारायची, पैसे खातं देणार. सरांनी मला बोलावलं. "लिही. तुझं इंग्रजी हाय." हे ऐकायला मी दोन वर्षं थांबलो होतो.

प्रस्तावात एक प्रकरण होतं, ही सामायिक साधनं तुम्ही वाटून कशी वापरणार. सरांनी तोंडी सांगितलं, "जो वापरंल त्यानं पुढच्यासाठी धुवायचं. रांग सगळ्यांना येक. बिघाड झाला तर घरटी येक मानूस यायचं, कॉलेज असो का कंपनी असो. झालं." मी त्याचं दीड पान केलं. त्यात सहभाग होता, हितसंबंधी होते, शाश्वतता तर तीनदा होती. सरांनी ओळींवरून बोट फिरवत सगळं वाचलं.

"ह्यात येतं कोन आनि धुतं कोन?"

"ते ध्वनित आहे, सर."

"ध्वनित करून भांडी निघत नाय, डॉक्टर."

मग एका रकान्यावर वाद झाला. 'केंद्राचे प्रमुख' असा रकाना होता. सर म्हणाले, मोकळा ठेव. एकाचं नाव दारावर लागलं की बाकीचे पाहुणे होतात, आणि पाहुणा कधी भांडी घासत नाही. मी समजावून सांगितलं की असे रकाने मोकळे ठेवायचे नसतात. खरं सांगू का, त्या रकान्यात माझं नाव कसं दिसेल ते मी पेन्सिलीने लिहून पाहिलं होतं, आणि चांगलं दिसतं अशी खात्री झाल्यावर खोडलं होतं. सरांनी कागद उजेडात धरला. "खोडायचं पन नीट शिकला नायस," म्हणाले. रकाना मोकळाच गेला.

तरीही कमिटी यायचं ठरलं. तीन जण येऊन जागा बघणार, बोलणार आणि मगच ठरवणार. त्यांनी कळवलं होतं की प्रमुखांशी तर बोलूच, पण साधन वापरणारी एखादी विद्यार्थिनी किंवा विद्यार्थीही हजर हवा. म्हणजे सर आणि कांचन. मी आपला हरकाम्या, पण मी ब्लेझर शिवून घेतला. बायको म्हणाली, "कुणाचं लग्न आहे?"

सप्टेंबर उलटत होता. पौर्णिमा नुकतीच होऊन गेलेली, खाडीला उधाण. कमिटीच्या दिवशी सकाळी मी रोह्याहून पेणला पोचतो न पोचतो तोच सरांचा फोन.

"खांड पडलीय रे. रात्रीच्या भरतीत बांध फुटला. मी येत नाय."

आमच्याकडे समुद्राचं पाणी शेतात शिरू नये म्हणून खाडीला मातीचे बांध असतात. ते फुटले की भगदाड पडतं, ती खांड. पुढच्या भरतीच्या आत ती बुजवली नाही तर खारं पाणी सगळ्या शिवारात पसरतं. भात तर जातंच, वर जमीन पुढची काही वर्षं रुसते. बांधांना सरकारी खातं आहे, पण खातं येईपर्यंत भरती थांबत नाही. म्हणून सरांच्या गावात जुनी रीत अजून चालू होती. तिला जोळ म्हणतात. खांड पडली की प्रत्येक घरातून एक माणूस बांधावर गेलाच पाहिजे, मग तो कोणीही असो.

हे सगळं मला माहीत होतं. पण मी ब्लेझरमध्ये होतो.

"सर, कमिटी! दोन तासांत कमिटी येतेय!"

"तू हायस की. तुझं इंग्रजी हाय."

"पण सर, प्रमुख तुम्ही—"

"तो रकाना मी मोकळा ठेवलाय." पलीकडे वारा आणि माणसांचा आरडाओरडा ऐकू येत होता. "हितं नाय आलं तर चालत नाय रे. घरटी येक मानूस लागतो." फोन बंद झाला.

मी काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. प्रयोगशाळेत कांचन इस्त्रीचा ड्रेस घालून पानं नीट मांडत होती, तिच्यासमोरच बोललो. म्हटलं, ह्या माणसाला स्वतःच्या प्रयोगशाळेपेक्षा चिखल प्यारा. तुझं वर्ष गेलं, माझा ब्लेझर गेला आणि हे तिकडे घमेली उचलतायत! कांचनने ओठ घट्ट मिटले आणि पानं पुन्हा पहिल्यापासून मांडायला लागली.

कमिटी आली. अध्यक्ष बाई पुण्याच्या, पांढऱ्या केसांच्या, बारीक आवाजाच्या. दोन पुरुष सदस्य गप्प बसणारे. मी सादरीकरण सुरू केलं. माझ्या सादरीकरणात अक्षरं एकेक करून उजवीकडून उडत येत आणि आपापल्या जागी बसत, ह्यावर माझे तीन दिवस गेले होते. 'शाश्वतता' हा शब्द अर्धा उडत आला आणि वीज गेली.

अंधारात बाईंनी विचारलं, "तुमचे सर कुठे आहेत?"

"सर फील्ड व्हिजिटला गेलेत," मी म्हणालो. ह्यात खोटं एकही अक्षर नव्हतं, आणि मला त्याचा अभिमानही वाटला.

"बांधावर हायत, मॅडम," कांचन मागून म्हणाली. "माझ्या घरचे म्हनून गेलेत."

मी वळून बघितलं. बाईंनी खिडकी उघडायला सांगितली आणि तिला पुढे बोलावलं. "म्हणजे?"

"खांड पडली की घरटी येक जातो. माझा बाबा पहिल्या पाळीला कंपनीत. आयशीचे पाय तसे. म्हंजे मीच जायची. पहाटे मी निघाली होती, तर सर फाट्यावर उभे. म्हनाले, गो कांचन, तू मागं फिर, तुझ्या घरचा मी जातो."

"आणि त्यांच्या स्वतःच्या घरचं?"

"सरांचं गावात काय नाय ऱ्हायलं, मॅडम. शेत गेलं, घर पडलं, त्यालाबी लय वर्षं झाली. त्यांना जायची गरजच नव्हती."

माझ्या तोंडून सकाळी जे जे निघालं होतं ते सगळं एकेक करून उजवीकडून उडत आलं आणि माझ्यासमोर बसलं. मला ब्लेझरमध्ये भयंकर उकडायला लागलं.

बाईंनी विचारलं, "एखाद्या घरातून कुणीच आलं नाही तर दंड असतो?"

"दंड नाय. दुसऱ्या दिवशी सगळा गाव त्या घरी जातो विचारायला, बरे हाव ना? आजारी नाय ना कोन?" कांचन थांबली. "त्यापेक्षा दंड परवडला."

गप्प सदस्यांपैकी एक जण हसला. मग बाईंनी तिला पानांबद्दल विचारलं. कांचन बोलायला लागली ती थांबेना. आईच्या पायांपासून सुरू करून कोणत्या द्रावकात काय उतरतं, मुंबईच्या रांगेत काय विघटित होतं, कशाचा तिला संशय आहे आणि कशाची अजिबात खात्री नाही, सगळं "हाय" आणि "नाय" मध्ये सांगितलं. बाई खोदून खोदून विचारत होत्या. वीज आली तरी माझ्या उडत्या अक्षरांची कुणाला आठवण झाली नाही. मलाही झाली नाही, हे त्यातल्या त्यात बरं. जाताना बाई फक्त "कळवू" म्हणाल्या.

कळवलं ते खूप नंतर. अनुदान मंजूर झालं, मागितलं त्याहून कमी, पण क्रोमॅटोग्राफ आणि ती खोली दोन्ही बसतील एवढं. कांचन राहिली. तिच्या बापाने मशीन बघायला म्हणून सुट्टी टाकली आणि सगळ्या बाजूंनी बघून झाल्यावर "ह्यात पानं कुठून टाकायची?" असं विचारलं. सर त्याच वर्षी निवृत्त झाले. पण त्या दुपारी ह्यातलं काहीच कुणाला ठाऊक नव्हतं. मला एवढंच ठाऊक होतं की सरांना जाऊन सगळं सांगायला हवं.

मी कुणाची तरी बाईक मागून घेतली आणि वडखळच्या पुढे खाडीच्या रस्त्याला लागलो. रस्ता संपला तिथून चालत. बूट पहिल्या पन्नास पावलांत गेले, मग मोजे. बांधावर माणसांची लांब रांग होती, म्हातारे, पोरी, कंपनीच्या गणवेशातले दोघे-तिघे. चिखलाची घमेली हातोहात पुढे जात होती. खांडीच्या तोंडाशी, कमरेएवढ्या चिखलात, बनियनवर सर. निवृत्तीला आलेला माणूस. केसांपासून पायांपर्यंत एकच रंग, फक्त डोळे तेवढे ओळखू आले. खाडीचं पाणी परत चढायला लागलं होतं.

मी वाटेत पाठ केलेली माफी विसरलो.

त्यांनी मला बघितलं. कमिटी काय म्हणाली, पैसे मिळतील का, काही विचारलं नाही. घमेलं घेता घेता म्हणाले, "कांचन बोलली?"

"बोलली, सर. खूप बोलली."

"अडखळली?"

"नाही."

"आनि तू?"

"माझी वीज गेली."

सर हसले. मी त्यांना तसं मोठ्याने हसताना आधी कधी पाहिलं नव्हतं. सगळी रांग माझ्याकडे बघायला लागली, आणि रांगेच्या डोक्याशी उभा असलेला, कोणत्या घरचं कोण आलंय ते नजरेवर ठेवणारा एक म्हातारा माझ्यावर खेकसला.

"ओ कोटवाले! मदीच काय उभे? वाट सोडा, नायतर हात लावा. कोनच्या घरचे तुमी?"

मी रोह्याचा. ह्या गावात माझी ना जमीन, ना उंबरा, ना सोयरा. डॉक्टर लावून नाव सांगावं असं एकदा जिभेवर आलंसुद्धा, सवय वाईट. पण तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की समोर चिखलात उभा असलेला माणूस इथे कांचनच्या घरचा म्हणून उभा आहे, आणि त्याच्या घरचा म्हणून उभं राहायला ह्या रांगेत कोणीच नाही.

"सरांच्या," मी म्हणालो. "सरांच्या घरचा."

म्हातारा माझ्याकडे बघत राहिला. मग सरांकडे. सर खाली वाकले होते. घमेल्यात चिखल भरायला एवढा वेळ लागत नाही.

मी ब्लेझर काढला, कुठे ठेवावा कळेना म्हणून तिथेच टाकला आणि रांगेत शिरलो. बाजूच्या बाईने माझ्यासाठी जागा केली आणि पहिलं घमेलं माझ्या हातात दिलं. ते केवढं जड होतं! म्हाताऱ्याने मागे वळून, दोन्ही हात तोंडाशी धरून, रांगेच्या पार शेवटापर्यंत ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं,

"मास्तरचं घर आलं रे!"